औषध सुरक्षित आहे, हे कोण पाहते?

सप्टेंबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, सर्दी-खोकल्याची साधी तक्रार असलेली लहान मुले एकामागून एक गंभीर आजारी पडू लागली. मुलाची लघवी बंद व्हायची आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी व्हायची. जवळचे मोठे शहर नागपूर, म्हणून पालक तिकडे धावले. अनेक मुलांनी तिथल्याच रुग्णालयांत प्राण सोडले. मूत्रपिंडांची ही अवस्था एखाद्या विषारी द्रव्याने झाली असावी, अशी शंका तपासण्यांतून आली आणि संशय मुलांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या कफ सिरपवर गेला. हे सिरप कांचीपुरम जिल्ह्यातल्या एका कारखान्यात तयार झाले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने नमुना तपासला. त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. या द्रव्याची कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे. बाटलीतला जवळजवळ अर्धा भाग विष होता. वीसहून अधिक मुले गेली.

औषधांच्या इतिहासाशी ज्यांची थोडी तरी ओळख आहे, त्यांना यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट लगेच कळली असेल. डायइथिलीन ग्लायकॉल कोणासाठीच नवे नव्हते. ते माणसाला मारते हे जगाला १९३७पासून माहीत आहे.

त्या वर्षी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॅसेन्गिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे नवे औषध पातळ स्वरूपात आणले. पावडर पाण्यात नीट विरघळत नव्हती, म्हणून कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ती डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवली आणि रासबेरीचा स्वाद घातला. रंग, वास, चव यांची तपासणी झाली. ते पोटात गेल्यावर काय होते हे कोणी पाहिले नाही, कारण तसे पाहण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. शंभरहून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुले बरीच होती. सरकारी निरीक्षकांनी देशभर फिरून उरलेल्या बाटल्या गोळा केल्या, पण त्या जप्त करण्यासाठी कायद्याचा आधार कसला, तर बाटलीवर ‘एलिक्सिर’ लिहिले होते आणि एलिक्सिर म्हणजे अल्कोहोल असलेले द्रावण, जे यात नव्हते. माणसे मारणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नव्हता, चुकीचे नाव देणे ठरत होते. पुढच्याच वर्षी, १९३८मध्ये, औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवले पाहिजे असा कायदा अमेरिकेने केला. आज जगभर औषधांच्या सुरक्षिततेचे जे नियम आहेत, त्यांतल्या बऱ्याच नियमांमागे अशीच मेलेली माणसे आहेत.

मग १९३७ सालचे विष २०२५ साली मुलांच्या चमच्यात कसे येते? पातळ औषधात औषधी द्रव्य विरघळवायला ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांसारखी द्रव्ये लागतात. औषधाच्या दर्जाचा माल महाग असतो, उद्योगांत वापरायचा माल स्वस्त. डायइथिलीन ग्लायकॉल त्याहून स्वस्त, दिसायला तसेच पारदर्शक आणि चवीला गोडसर. ब्रेक ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारी द्रावणे यांत ते वापरतात. एका पिंपातला माल दलालांच्या चार हातांतून जातो, वाटेत लेबल बदलते, शुद्धतेच्या प्रमाणपत्राची नवी प्रत निघते आणि कारखान्यात पोहोचेपर्यंत विष औषधाचा घटक झालेले असते. कारखान्याने पिंप उघडून तपासले तर ते तिथेच पकडले जाते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र उत्तम, पण ते नसले तरी थिन लेअर क्रोमॅटोग्राफीसारखी स्वस्त पद्धत प्राथमिक चाळणीला पुरते. थोडक्यात, ज्ञान आहे, चाचणी आहे, चाचणीचा खर्चही परवडणारा आहे. कमी पडतो तो ती चाचणी करण्याचा आग्रह.

हा आग्रह नसल्याची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी मोजली आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतला किंवा मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल देण्यात आले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने जे उघड केले, ते एका कारखान्याच्या चुकीपुरते राहिले नाही. औषध खरेदीची पद्धत, रुग्णालयाचा कारभार, अन्न व औषध प्रशासनातली ढिलाई, परवान्यांच्या कामात राजकारण्यांची ढवळाढवळ, या सगळ्यांवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. मुंबईचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रकरणावर लिहिले, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना ते कळले. लेंटिन अहवाल आजही वाचावा असा दस्तऐवज आहे. औषध प्रशासनाला गंज कुठून लागतो, हे भारतात इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

त्यानंतरची यादी लांब आहे. बांगलादेशात १९९०च्या सुमारास पॅरासिटामॉलच्या सिरपने शेकडो मुलांची मूत्रपिंडे निकामी केली. हैतीत १९९५-९६मध्ये ऐंशीहून अधिक मुले गेली. दिल्ली-गुरुग्राम परिसरात १९९८मध्ये ३३ मुले, पनामात २००६मध्ये शंभराहून अधिक माणसे, नायजेरियात २००८-०९मध्ये दात येणाऱ्या बाळांसाठीच्या औषधाने ८४ बाळे, जम्मूच्या रामनगरमध्ये २०१९-२०च्या हिवाळ्यात दहाहून अधिक मुले. पनामाचे ग्लिसरीन चीनमधून निघून स्पेनच्या दलालामार्फत आले होते. मूळ मालावर जे लिहिले होते ते वाटेत बदलले गेले आणि कोणत्याही टप्प्यावर कोणी पिंपातला थेंब तपासला नाही.

गांबियाच्या प्रकरणाने मात्र भारताचे नाव जगभर गेले. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणात तयार झालेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. तोवर गांबियात ६६ मुले दगावल्याची नोंद होती. त्याच वर्षी उझबेकिस्तानात नोएडात बनलेल्या सिरपचे प्रकरण निघाले आणि इंडोनेशियात तिथल्याच कारखान्यांच्या सिरपांनी दोनशेहून अधिक मुलांचा बळी घेतला. गांबियासारख्या लहान देशाकडे औषधे तपासायला स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. म्हणून त्याने १ जुलै २०२३पासून भारतातून येणारा माल निघण्याआधीच तपासून घेण्याची अट घातली. भारतानेही १ जून २०२३पासून निर्यातीच्या कफ सिरपची सरकारमान्य प्रयोगशाळेत चाचणी सक्तीची केली.

हा निर्णय योग्य होता, पण तो अर्धाच होता. परदेशी जाणाऱ्या बाटलीला सरकारी प्रयोगशाळेचा दाखला लागणार आणि परासियाच्या मेडिकलमध्ये जाणारी बाटली कारखान्याच्या शब्दावर विकली जाणार, हा भेद कशाच्या आधारावर केला? प्रत्येक बॅच आणि प्रत्येक कच्चा माल तपासण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर आधीपासून आहे, हे खरे. पण ती पार पाडली जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा निर्यातीसाठी जागी झाली आणि देशातल्या मुलांसाठी झोपून राहिली. छिंदवाड्यानंतर देशातल्या सर्व राज्यांना कच्च्या मालाच्या आणि तयार औषधाच्या चाचणीबद्दल पुन्हा बजावण्यात आले. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोल्ड्रिफमध्ये जे दोन घटक एकत्र होते, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन, ते मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच दिले होते. सिरप शुद्ध असते, तरीही मेलेल्यांपैकी अनेक मुलांना ते द्यायलाच नको होते.

इथून आपण प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. भेसळीचे औषध धोक्याचे, हे पटवून द्यावे लागत नाही. पण औषध शुद्ध असेल, परवाना रीतसर असेल, डॉक्टरने विचारपूर्वक लिहून दिले असेल, तरीही ते माणसाला इजा करू शकते. १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांनाही मळमळीवर दिले गेले. दहा हजारांहून अधिक मुले हात-पाय अपुरे वाढलेल्या अवस्थेत जन्मली. अमेरिका बऱ्याच अंशी वाचली ती डॉ. फ्रान्सिस केल्सी या औषध प्रशासनातल्या अधिकारी बाईंमुळे. परवान्याचा अर्ज १९६०मध्ये त्यांच्या टेबलावर आला, कंपनीने घाई केली, दबाव आणला; पण पुरावा अपुरा आहे असे सांगत त्या पुन्हा पुन्हा जास्त माहिती मागत राहिल्या. जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी औषध आणि व्यंग यांचा संबंध १९६१मध्ये जोडून दाखवला, तेव्हा कुठे ते मागे घेतले गेले.

परवान्याआधीच्या चाचण्या काही हजार माणसांवर होतात, तेही ठरावीक वयाच्या आणि बहुधा दुसरा आजार नसलेल्या. दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम त्यांत सापडण्याची शक्यता फार कमी. गरोदर बाई, सत्तरी ओलांडलेले मधुमेही आजोबा, पाच औषधे एकदम घेणारा रुग्ण यांची खरी परीक्षा औषध बाजारात आल्यावरच होते. म्हणून थॅलिडोमाइडनंतर जगाने नवी सवय लावून घेतली, औषध विकायला लागल्यावरही त्याच्यावर नजर ठेवण्याची. ब्रिटनने १९६४मध्ये डॉक्टरांसाठी ‘यलो कार्ड’ सुरू केले, पिवळ्या कार्डावर संशयित दुष्परिणाम लिहून पाठवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८मध्ये दहा देशांना घेऊन आंतरराष्ट्रीय नोंदणी सुरू केली आणि १९७८मध्ये तिचे काम स्वीडनमधल्या उप्सालाच्या केंद्राकडे गेले. या कार्यक्रमात आज दीडशेहून अधिक देश आहेत आणि उप्सालाच्या ‘व्हिजिबेस’ या साठ्यात तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एखाद्या औषधासोबत एखादी तक्रार अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येऊ लागली की संगणक ती वेगळी काढतो आणि मग माणसे बसून तिची छाननी करतात. या शास्त्राला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात, मराठीत औषध-दक्षता.

मला ही व्यवस्था विसाव्या शतकातल्या मोठ्या मानवी कामगिऱ्यांपैकी एक वाटते. नागपूरच्या डॉक्टरने नोंदवलेली एक गोष्ट आणि ब्राझीलमधल्या नर्सने नोंदवलेली दुसरी एकाच ठिकाणी येतात आणि त्या दोन्हींमुळे तिसऱ्या देशातला जीव वाचू शकतो. पण ती उभी आहे कोणीतरी कळवण्यावर, आणि बहुतेक जण कळवत नाहीत. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बारा देशांतले ३७ अभ्यास एकत्र पाहिले गेले. दुष्परिणामांपैकी सुमारे ९४ टक्के कोणी कळवतच नाही, असा त्यांचा मध्यक निघाला. कारणे साधी आहेत. डॉक्टरला वेळ नसतो, औषधामुळेच झाले याची खात्री नसते, ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ असे वाटते आणि आपल्यावरच ठपका येईल ही भीती असते.

शेवटचे कारण आपल्याकडे जास्त खोल आहे. छिंदवाड्यात कारखान्याचा परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली, तसेच सिरप लिहून देणाऱ्या स्थानिक डॉक्टरांनाही अटक झाली. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. डॉक्टरने काय लिहून द्यायला नको होते, याची चौकशी जरूर व्हावी. पण बाटलीत विष आहे हे ओळखण्याचे साधन कुठल्याही दवाखान्यात नसते. एका गावात चार मुलांची लघवी बंद झाल्याचे ज्याच्या सर्वांत आधी लक्षात येते, त्यालाच पोलिसांची धास्ती वाटू लागली, तर पुढचे प्रकरण आणखी उशिरा बाहेर येईल. विमान अपघातांच्या चौकशीत वैमानिकाला खरे बोलण्याचे संरक्षण मिळते. औषधांच्या बाबतीत ते डॉक्टर, नर्स आणि औषध-विक्रेत्याला मिळायला हवे.

नोंद झाली म्हणजे काम झाले, असेही नाही. ती ऐकणारा हवा. फ्रान्समध्ये बेन्फ्लुओरेक्स हे औषध ‘मेडियाटोर’ नावाने १९७६पासून मधुमेहाच्या रुग्णांसाठी विकले जात होते आणि वजन कमी करायलाही सर्रास दिले जात होते. त्याच्या जवळच्या नात्यातले फेनफ्लुरामाइन हे औषध हृदयाच्या झडपा खराब करते म्हणून १९९७मध्ये बाजारातून गेले. तरी मेडियाटोर आणखी बारा वर्षे चालू राहिले. ब्रेस्त शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ डॉ. इरेन फ्राशॉन यांनी आपल्या रुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांतून एकेक रुग्ण शोधून संबंध सिद्ध केला, तेव्हा २००९मध्ये ते बंद झाले. मार्च २०२१मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सर्व्हिए या कंपनीला दोषी ठरवले, आणि त्याच निकालात फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेलाही निष्काळजीपणाबद्दल दंड केला. युरोपातल्या श्रीमंत, सुसज्ज देशातही नियामक वर्षानुवर्षे डोळे मिटून बसू शकतो, हे या खटल्याने नोंदवून ठेवले.

जागतिक नोंदणीत आपल्या लोकांच्या नोंदी का हव्यात, याचे उत्तर कार्बामॅझेपिन या फिट्सवरच्या औषधात मिळते. क्वचित काही रुग्णांत ते त्वचा आणि तोंडाची आतली साल सोलून काढणारा स्टीव्हन्स-जॉन्सन आजार निर्माण करते, ज्यात जीवही जातो. २००४मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवले की तिथल्या अशा रुग्णांमध्ये एचएलए-बी १५:०२ हा जनुकीय प्रकार जवळजवळ नेहमी सापडतो. आशियातल्या अनेक लोकसमूहांत तो आढळतो, युरोपीय वंशाच्या लोकांत अगदी विरळा. तैवान आणि सिंगापूर यांनी औषध सुरू करण्याआधी ही रक्ततपासणी रुळवली आणि तो भयंकर आजार पुष्कळ टाळता आला. केवळ युरोप-अमेरिकेच्या आकडेवारीवर विसंबले असते, तर हे दिसलेच नसते.

भारत या जागतिक कार्यक्रमात १९९०च्या दशकाच्या अखेरीस आला आणि त्या पहिल्या टप्प्यात दिल्लीच्या एम्सबरोबर मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे एक केंद्र होते. नंतर काम मंदावले. २०१०मध्ये राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम नव्याने सुरू झाला आणि आता तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. पण औषध सगळ्यात जास्त जिथे विकले जाते, ते तालुक्याचे मेडिकल आणि गल्लीतला दवाखाना, तिथे या कार्यक्रमाचे नाव फारसे पोहोचलेले दिसत नाही.

बनावट औषधांबद्दल बोलायचे तर नायजेरियाच्या डोरा अकुन्यिली यांना विसरून चालणार नाही. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक. मधुमेह असलेली त्यांची बहीण १९८८मध्ये बनावट इन्सुलिनमुळे गेली. २००१मध्ये त्या देशाच्या औषध नियामक संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी बाजारांवर छापे घातले, बनावट मालाच्या होळ्या केल्या, आयातीच्या वाटा मोजक्या बंदरांपुरत्या मर्यादित केल्या. डिसेंबर २००३मध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. गोळी डोक्यावरच्या वस्त्रातून आरपार गेली. तरी त्या २००८पर्यंत त्या खुर्चीवर राहिल्या. नियामक संस्था काय करू शकते, हे आफ्रिकेला त्यांनी दाखवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहापैकी एक औषध निकृष्ट किंवा बनावट असते. आपल्याला ते दूरचे वाटू नये. नागपूर परिसरातल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे गेल्या काही वर्षांत तपासात उघड झाले आहे. सरकारी रुग्णालयात येणारा माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही म्हणून तिथे येतो. त्याच्या तोंडात खडूसारखी गोळी घालणे हा खुनाइतकाच गंभीर गुन्हा आहे असे मी मानतो. आणि चूक प्रत्येक वेळी लबाडीचीच असते असेही नाही. २०११-१२च्या हिवाळ्यात लाहोरच्या सरकारी हृदयरोग रुग्णालयातून मोफत मिळालेल्या गोळ्या खाऊन दोनशेहून अधिक रुग्ण दगावले. रक्तातल्या पेशी घटत होत्या, त्वचा काळी पडत होती. आधी डेंग्यूचा संशय आला. अखेर लंडनच्या प्रयोगशाळेने हृदयाच्या गोळीत पायरिमेथामाइन हे हिवतापावरचे औषध मोठ्या प्रमाणात मिसळल्याचे शोधले. एकाच कारखान्यात दोन औषधे बनत होती आणि एकाची भर दुसऱ्यात पडली. विष कळल्यावर उतारा होता, फोलिनिक अॅसिड. अनेक रुग्णांना तो फार उशिरा मिळाला.

कधी चाचणीच फसते. २००८मध्ये चीनमधून आलेल्या हेपॅरिनमध्ये असा पदार्थ मिसळला होता की त्या काळच्या प्रमाणित चाचणीत तो हेपॅरिनसारखाच दिसे. अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले आणि नंतर जगभरच्या फार्माकोपियांना, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथांना, हेपॅरिनच्या चाचण्या बदलाव्या लागल्या.

रुग्णाच्या हातात पोहोचताना होणाऱ्या चुकांवर थोडेच लिहितो, कारण त्यांचे उपाय ठाऊक आहेत. व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचे इंजेक्शन शिरेतून द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यात दिले गेले तर रुग्ण बहुधा वाचत नाही. ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीत भरून द्या, म्हणजे कण्यात देताच येणार नाही, एवढा साधा उपाय. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. रोज घेऊन माणसे मेली आहेत. आपल्याकडे मेडिकलवाला पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव, बॅच आणि मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या पट्टीवरच राहते. पुढे काही झाले तर काय खाल्ले हे सांगायला पुरावाच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. उपाय ठाऊक असूनही ते हाती लागलेले नाही.

आता नियामकांकडे. जागतिक आरोग्य संघटना देशांच्या औषध नियामक संस्थांना चार पायऱ्यांवर मोजते. तिसरी म्हणजे स्थिर आणि चांगली चालणारी संस्था. जगातल्या बहुसंख्य देशांच्या संस्था अजून तिथे पोहोचलेल्या नाहीत. टांझानिया २०१८मध्ये पोहोचला, नंतर घाना, नायजेरिया, रवांडा आणि इतर काही. संपूर्ण आफ्रिकेसाठी एक औषध संस्था स्थापन करण्याचा करार नोव्हेंबर २०२१मध्ये अमलात आला; तिचे मुख्यालय किगालीत आहे. लहान देशांना प्रत्येकी वेगळी प्रयोगशाळा परवडत नाही, एकत्रित परवडते, इतके ते सरळ आहे. युरोपने फेब्रुवारी २०१९पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या प्रत्येक खोक्यावर वेगळा सांकेतिक क्रमांक सक्तीचा केला, दुकानात तो तपासला की बनावट खोके उघडे पडते. भारतातही ऑगस्ट २०२३पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला. सुरुवात चांगली, पण भारतातल्या ब्रँडची संख्या पाहता फारच छोटी.

भारताचा १९४०चा औषध कायदा परवाने देण्याचे बरेचसे काम राज्यांकडे सोपवतो. एका राज्यात परवाना मिळाला की औषध देशभर विकता येते. ज्या राज्यात ते विकले जाते, तिथल्या निरीक्षकाचा त्या कारखान्यावर अधिकार चालत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३मध्ये केंद्रीय पातळीवर बलवान, स्वायत्त प्राधिकरणाची आणि पुरेशा औषध निरीक्षकांची शिफारस केली. शिक्षा वाढवण्याची शिफारस २००८च्या दुरुस्तीने मान्य झाली. प्राधिकरण मात्र अजून झालेले नाही. शिक्षा वाढवणे सोपे असते, कारण त्याला पगार द्यावे लागत नाहीत. निरीक्षक, प्रयोगशाळा आणि तंत्रज्ञ यांना द्यावे लागतात.

कारखान्यांच्या दर्जाचे ‘शेड्यूल एम’ हे नियम डिसेंबर २०२३मध्ये अद्ययावत झाले, आणि लघुउद्योगांच्या मागणीवरून त्यांची मुदत २०२५च्या अखेरीपर्यंत वाढवली गेली. लहान कारखान्यांची अडचण मी समजू शकतो. भारताची स्वस्त औषधे नसती तर आफ्रिकेतल्या लाखो एड्सग्रस्तांचे काय झाले असते, हेही आठवावे. पण स्वस्त औषध आणि न तपासलेले औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीचा खर्च पेलत नसेल तर सरकारने सामाईक प्रयोगशाळा द्यावी, कर्ज द्यावे. सूट देऊ नये.

माहिती उघड असण्याची ताकद किती असते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. २००७मध्ये पनामा सिटीतल्या एका सामान्य सरकारी कर्मचाऱ्याने दुकानात टूथपेस्टचे वेष्टन वाचले. त्यावर घटक म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल छापलेले होते. आदल्याच वर्षी देशाने या विषामुळे माणसे गमावली होती. त्याने आरोग्य खात्याकडे जाऊन तक्रार केली. ती खरी निघाली आणि चिनी बनावटीच्या अशा टूथपेस्ट डझनावारी देशांच्या बाजारांतून काढल्या गेल्या. तो डॉक्टर नव्हता, रसायनतज्ज्ञ नव्हता. त्याने छापलेले वाचले आणि कळवले.

भारतात केंद्रीय औषध नियंत्रक संस्था दर महिन्याला दर्जाहीन ठरलेल्या औषधांची यादी बॅचसह प्रसिद्ध करते. ती प्रत्येक मेडिकलमध्ये मराठीत लागली पाहिजे. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचे सिरप देऊ नका; पाच वर्षांपर्यंत ते सहसा लागतच नाही, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये सांगितले आहे. औषध घेताना बिल मागा. कापलेल्या पट्टीवर नाव, बॅच आणि मुदत नसेल तर ती परत करा, किंवा निदान फोटो काढून ठेवा. औषध घेतल्यावर अंगावर चट्टे उठले, लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, कुठलीही अनपेक्षित तक्रार आली, तर डॉक्टरला दाखवा आणि उरलेले औषध फेकून देऊ नका. आणि कळवा. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही, खात्री असण्याचीही नाही, संशय पुरेसा आहे. फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.